रिकॉल कुणाच्या पत्त्यावर?

परवाच्या शनिवारी टीममधला एक ज्युनियर म्हणाला, "दादा, सेकंडहँड गाडी बघायला खारघरला जायचंय, येतोस का?" मला गाड्यांतलं फार कळतं असं नाही, पण भाव करायला सोबत कुणीतरी लागतं. गेलो.

गाडी २०१३ ची सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही. तिसरा मालक विकत होता. एजंटने नेहमीचं पुराण लावलं: डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी निघायची, टायर नवे, एसी एकदम चिल्ड. आम्हीपण शहाण्यासारखे बोनेट उघडून आत बघितलं. मग सहज विचारलं, "हिचा काही रिकॉल पेंडिंग आहे का?"

"कॉल? कुणाला करायचाय साहेब?"

हसू आलं खरं, पण दोष त्याचा नाही. आपण तरी कधी विचारतो? अपघात झालाय का विचारतो, पाण्यात गेली होती का विचारतो (२६ जुलै २००५ नंतर तर हमखास). कंपनीने स्वतः कबूल केलेला आणि फुकट दुरुस्त करून मिळणारा दोष आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

थोडा इतिहास सांगतो. जानेवारी २०१० मध्ये होंडाने जगभरातून साडेसहा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. दोष काय, तर ड्रायव्हरच्या खिडकीतून आलेलं पावसाचं पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये शिरून तो तापू शकतो, पेटू शकतो. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत अशा आगीत एक लहान मूल गेलं होतं. भारतात तेव्हा ८,५३२ 'सिटी' गाड्या बोलावल्या. २०११ मध्ये त्याच स्विचसाठी आणखी ७२,११५. आता पाम बीच रोडवर जुलैत टोलचे पैसे द्यायला नाही, तर नुसती काच पुसायला म्हणून खिडकी खाली केली तरी मांडी भिजते. हा दोष आपल्याकडे कागदावरचा नाही.

आणि टाकाटाच्या एअरबॅगचं प्रकरण तर याहून वाईट. आतलं स्फोटक रसायन, अमोनियम नायट्रेट, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडतं. मग एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटतं आणि वाचवायला ठेवलेल्या पिशवीतून तुकडे अंगावर येतात. एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं यात गेली. २०१४ मध्ये मलेशियात २००३ च्या सिटीत एक गर्भवती बाई गेली. मलेशियाची हवा आठवा आणि मग आपली, खाडीकाठची. भारतात होंडाने २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या यासाठी बोलावल्या, २०१८ च्या जानेवारीत २०१३ सालच्या २२,८३४. कंपन्या रिकॉल करत नाहीत असं म्हणणं म्हणजे अन्याय होईल. केले. प्रश्न पुढचा आहे.

पत्र जातं कंपनीच्या रेकॉर्डमधल्या मालकाला. तो वाशीचा फ्लॅट विकून पुण्याला गेलेला, फोन नंबर बदललेला. गाडी मधल्या काळात दोन हात फिरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे सर्व्हिसिंगला जाते. बग माहीत आहे, पॅच तयार आहे, फुकट आहे, फक्त युजरचा पत्ता नाही!

कायद्याचं बघा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत रिकॉलचं कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. छान. पण हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन असतं पंधरा वर्षांचं. म्हणजे आठव्या वर्षापासून गाडी रस्त्यावर कायदेशीर, पण सक्तीच्या रिकॉलच्या बाहेर. आपल्या भाषेत 'आउट ऑफ सपोर्ट'. झिजलेल्या क्लचची जबाबदारी कंपनीने आयुष्यभर घ्यावी असं मी म्हणत नाही. पण जो दोष गाडी जुनी झाल्यावरच जीवघेणा होतो, त्याला सात वर्षांची मुदत लावणं हे मला तरी उलटं वाटतं.

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नाही हो. आजचा मालक कोण हे आरटीओला माहीत असतं, कारण ट्रान्सफर तिथेच होतं. कुठल्या चासी नंबरला दुरुस्ती बाकी आहे हे कंपनीला माहीत असतं. दोन टेबलं, एक जॉइन. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीचा सरकारी इतिहास ऑनलाइन बघताना बाकी रिकॉलही दिसतो. आपल्याकडे कर्ज फिटलं नसेल तर बँकेच्या एनओसीशिवाय गाडी नावावर होत नाही. बँकेच्या पैशाची एवढी काळजी, मग एअरबॅगची का नको? ट्रान्सफरच्या वेळी आणि पीयूसीच्या कागदावर एक ओळ छापली तरी पुरे.

असो. आम्ही तिथेच उभ्याउभ्या आरसीवरचा सतरा अक्षरी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. एक दुरुस्ती बाकी निघाली. ज्युनियरचा चेहरा पडला. म्हटलं, अरे, फुकट आहे, आधी करून घ्यायला सांग, मग टोकन दे. एजंट कुरकुरला, मग मालकाला फोन लावला.

रविवारी सकाळी चहा घेत होतो तर व्हॉट्सॲपवर त्याच एजंटचा मेसेज. पाच आरसींचे फोटो आणि खाली, "साहेब, हे पण बघून सांगा ना."

दोन बघून झालेत. तिसऱ्याचा फोटो हललाय, परत मागवलाय.