पूल कुणासाठी?

रत्नागिरीहून हरिहरेश्वरला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणजे शास्त्री, वाशिष्ठी आणि सावित्री अशा तीन नद्या आडव्या येतात. जयगडला गाडी फेरीबोटीत घालायची नि तवसाळला काढायची; पुढे धोपावे ते दाभोळ, मग वेसवी ते बागमांडला. आम्ही दोघं असेच गेलो, टपावर तंबू बांधून. (वेळणेश्वरला एक आजी म्हणाल्या, "पडवी रिकामी असताना कापडात कशाला निजताय?" निजलो पडवीतच.)

प्रत्येक धक्क्यावर शहरातला एक तरी गृहस्थ घड्याळ बघत पुटपुटतोच, "इथे एक पूल बांधायला काय होतं हो यांना?" आमचे हेही पुटपुटले.

"अहो, रजा किती दिवसांची टाकलीत?"

"आठ."

"मग वीस मिनिटं वाचवून करणार काय? झोपणार?"

पूल हवाच. पण तो, शेवटची बोट गेल्यावर आजारी माणसाला घेऊन चिपळूणवरून वळसा घालणाऱ्यांसाठी. त्यांना पुढे करून आपल्या वीस मिनिटांचं घोडं दामटू नका! पुलावरून खाडी दिसते ती गाडीच्या काचेतून, तीही पळती. बोटीत गाडीचं इंजिन बंद होतं, माणूस खाली उतरतो, पाटीवाल्या बाईला "केवढ्याला?" विचारतो. दाभोळ हे आदिलशाहीतलं नावाजलेलं बंदर, हे आमच्या ह्यांना कठड्याला टेकल्यावरच कळलं. दाभोळची ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली. एवढ्यात तिला म्हातारी ठरवून मोडीत काढायची?

पुलानंतर बोट तोट्यात जाईल म्हणता? पुलावर टोल घ्यालच ना, त्यातला रुपया बोटीला द्या.