पंचनामा दारात, डॉक्टर जिल्ह्याला
शेतकऱ्याने जीव दिला की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे दारात. सातबारा कोणाचा? कर्ज थकले होते का? वसुलीचा तगादा होता का? मयत 'पात्र' ठरला तर २००६ साली ठरलेले एक लाख. तोच गडी महिनामहिना झोपत नव्हता, धड जेवत नव्हता, तेव्हा कुठे होते सरकार? मानसोपचाराचा डॉक्टर जिल्ह्याला बसतो. दिवस मोडून, एसटीचे भाडे भरून जायचे, वर गावाने 'वेडा' म्हणायचे. गुत्ता मात्र गावातच! कापसाला भाव नाही, हे दुखणे गोळीने जात नाही, आम्हांलाही कळते. पण भाव घ्यायला माणूस जगला पाहिजे. आमची मागणी आहे, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात हा डॉक्टर बसवा. तोवर भावांनो, १४४१६ लावा. २०२२ पासूनचा सरकारी फोन आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येते.