पोराची शाळा कोठीतून बघा



बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. पोराला निवासी शाळेत घालताना मात्र कमान आणि संगणकाची खोली बघून पैसे भरतो. तेही कापसाचे पैसे.

गेल्या फाल्गुनात मी अशी एक शाळा बघायला गेलो. न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. हापिसात चहा मिळाला. कोठी बघू म्हणताच चावी सापडेना. साठ पोरांना चार संडास, त्यातल्या दोनांना कुलूप. मुलींजवळ रात्री बाई कोण राहते, याला उत्तर नाही. पोराला घेऊन परत फिरलो.

1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवली. वसतिगृहाची पारख पंगतीतच होते.

नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षेने प्रवेश मिळतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत. तो अर्ज आधी भरा. दुसरी शाळा बघायची तर ज्वारीचे खळे उरकल्यावर, सुट्टी लागण्याआधी, नवराबायको दोघे जा. पोरांच्या पंगतीला बसा. मास्तर नसताना पोरांशी बोला. जी शाळा कोठी उघडत नाही, तिथे पोर ठेवू नका.