ना धड जीप, ना धड कार

पुढच्या महिन्यात आमच्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. आरसीची मुदत संपते. पुढे चालवायची तर वाशीमच्या आरटीओत नेऊन पासिंग करायचं, फेरनोंदणीची फी आणि पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षं मिळतात. मुलगा म्हणतो, "बाबा, भंगारात देऊन टाका आता." पुण्याची ताईही फोनवर तेच म्हणाली. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. :)

गाडी म्हणजे टाटा आरिया. आमच्या आळीत तिला सगळे 'आर्या' म्हणतात, जशी काही कोणाची लेकच! २००५ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी 'एक्सओव्हर' नावाचा नमुना मांडला होता, त्यातून ही आली. ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात उतरली तेव्हा देशी बनावटीची पहिली फोर व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर म्हणून तिचा गाजावाजा झाला. आता क्रॉसओव्हर म्हणजे काय, तर दिसायला जीपसारखी उंच, पण आतून कार. टोयोटाची १९९४ ची आरएव्ही-फोर घ्या, तिचा सांगाडाच कारचा होता. आरियाचं नेमकं उलटं. वरून गुळगुळीत, आत सात माणसांची बैठक, आणि खाली सफारीसारखी भक्कम चासी. वजन दोन टनांच्या वर, लांबी पावणेपाच मीटरहून जास्त. तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "ही नेमकी आहे काय?"

आणि माझ्या मते ती पडली ती या प्रश्नामुळेच. सुरुवातीची किंमत तेरा ते साडेपंधरा लाखांच्या घरात. एवढे पैसे मोजणारा माणूस 'टाटा'च्या पाटीकडे बघून विचार करायचा, आणि सात जणांची गाडी हवी असलेला सरळ इनोव्हा घ्यायचा. कंपनीने नंतर दोनच चाकांना ताकद देणारी स्वस्त आवृत्ती काढली, पण सप्टेंबर २०११ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ५०० पावणेअकरा लाखांच्या आसपास आली आणि खेळ संपला. वरच्या मॉडेलला सहा एअरबॅग होत्या हे कोणी लक्षातच घेतलं नाही. आपल्याकडे ड्रायव्हरपुरती एक एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ साल उजाडलं!

लोकांनी नाक मुरडलं म्हणून तर ती आमच्या आवाक्यात आली. २०१६ साली नागपूरच्या एका गृहस्थांकडून साडेचार लाखांत घेतली.

आता दोष. लपवणार नाही. शहरात लिटरला दहाच्या पुढे जात नाही. पाटणी चौकात बाजाराच्या दिवशी वळवायची म्हणजे आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसलं की गुडघे हनुवटीला, आणि ती रांग उघडली की डिकीत फार तर दोन पिशव्या. इंजिन २.२ लिटरचं, डायकॉर, सफारीतलंच, त्यामुळे आमच्या मिस्त्रीला ते पाठ आहे. पण पत्रा, काच, दिवे यांचं काय? ते फक्त आरियाचेच, आणि आरिया रस्त्यावर राहिल्यात किती!

फोर व्हीलचीही एक गंमत सांगतो. एका जुलैत मोठ्या ऐटीत मालेगावकडच्या वावरात निघालो. पांदण रस्ता, काळी माती, रात्रभर पाऊस झालेला. चुलतभाऊ म्हणाला, "नको दादा, पायी जाऊ." मी बटण फिरवलं आणि घातली गाडी. चारही चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी! टायर डांबरी रस्त्याचे, त्यांच्या खाचांत चिकणमाती भरली की ते गुळगुळीत होतात आणि वरून दोन टनांचं धूड खाली बसत जातं. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. दोष माझाच, तरी अख्खा पोळा त्या विषयावर हसण्यात गेला.

असो. मग ठेवायची कशासाठी?

आईसाठी. आईचे गुडघे गेलेत. बोलेरोत तिला चढवत नाही आणि मुलाच्या छोट्या कारमधून उठवत नाही. आरियाची सीट नेमकी तिच्या कमरेच्या उंचीला येते. पाठ करून टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. गेल्या वर्षी तिला तपासणीसाठी नागपूरला चार वेळा न्यावं लागलं. शेलूबाजारहून समृद्धीवर लागलो की गाडी शंभरच्या वेगाला रुळावर असल्यासारखी चालते. ज्या वजनाला मी शिव्या घालतो तेच तिथे कामी येतं. मधल्या सीटवर आई झोपून जायची आणि थेट नागपुरात उठायची. छताला विमानासारखे लांबट कप्पे आहेत, त्यातल्या एकात तिच्या गोळ्या, एकात जपमाळ. पोहरादेवी असो की कारंज्याचं गुरुमंदिर, तिचं बसणं त्याच जागेवर.

जीप हवी असणाऱ्याला ही जीप वाटली नाही, कार हवी असणाऱ्याला कार वाटली नाही. आमची घरं तरी कुठे एका साच्यातली असतात? सकाळी वावर, दुपारी तालुक्याचं लग्न, रात्री अचानक दवाखाना. मुलगा म्हणतो, कामाप्रमाणे दोन गाड्या घ्या. म्हणायला काय जातं!

तर ठरलं आहे. पासिंग करून घेणार. पुढचे दोन टायर नवे टाकलेत, ब्रेकचं काम झालं आहे. अडलंय ते डाव्या बाजूच्या मागच्या दिव्यापाशी. रिव्हर्स घेताना अंगणातल्या लिंबाला मीच ठोकली. अकोला, अमरावती दोन्हीकडे विचारून झालं. कोणाच्या पाहण्यात एखादी पडून असलेली आरिया असेल तर कळवा. उजव्या बाजूचा दिवा चालणार नाही, तो एकाने पाठवून झाला आहे.