वजन आणि उतारा

कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्री हे गाव तेथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे दूरवर ओळखले जाते. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेली वाहने वजनकाट्यावर येऊन उभी राहतात. उसाचे वजन काट्यावर तत्काळ कळते. परंतु त्यातून साखर किती निघेल, म्हणजेच त्याचा उतारा किती, हे गाळप झाल्यावाचून खरे कळत नाही. वजन निराळे आणि उतारा निराळा, हे त्या परिसरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माणसाच्या कीर्तीचे मोल ठरविताना मात्र समाजाला या साध्या भेदाचा विसर पडतो.

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा हे याचे ठळक उदाहरण होय. इंग्लंडमध्ये २००१ साली ‘पॉप आयडॉल’ ही स्पर्धा सुरू झाली आणि त्याच धर्तीवर भारतात २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडियन आयडॉल’ अवतरली. आरंभीची निवड परीक्षकांनी केली. पुढे मात्र निकाल प्रेक्षकांच्या हाती आला. ज्याला दूरध्वनीवरून व लघुसंदेशांतून अधिक मते, तो विजयी! ५ मार्च २००५ रोजी मुंबईचे अभिजीत सावंत हे तरुण गायक या स्पर्धेत पहिले आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. पाच महिन्यांपूर्वी ज्यांचे नाव फारसे कोणी ऐकले नव्हते, ते आता घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी त्यांचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा गीतसंग्रह निघाला आणि त्यांतील गाणी तरुणांच्या ओठांवर खेळू लागली. एका मराठी तरुणाच्या या यशाने महाराष्ट्राला आनंद झाला, यात नवल ते काय?

अशा स्पर्धांना सरसकट नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. पूर्वी कलावंताला राजाश्रय शोधावा लागे. राजर्षी शाहू महाराजांसारखा गुणग्राहक राजा लाभला, म्हणून अल्लादियाखाँसारखे थोर गवई कोल्हापुरात स्थिरावले. पण सर्वांनाच असा आश्रय कोठून मिळणार? स्पर्धेने ते दार सामान्यांच्या मुलांसाठी उघडले. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी ‘सा रे ग म प’ ही स्पर्धा प्रथम मराठीत आणि नंतर २००९ साली हिंदीत जिंकली व पुढे चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले. आळंदीची कार्तिकी गायकवाड लहान वयातच महाराष्ट्राची लाडकी झाली. गुण आहे पण ओळख नाही, अशा मुलांना हे मोठेच साहाय्य होय.

तथापि मतांची रास हे वजन आहे; तो उतारा नव्हे. किती जणांना गायक आवडला, हे मते सांगतात. त्याचा सूर किती सच्चा आहे आणि तो किती काळ टिकेल, हे त्यांना सांगता येत नाही. शिवाय मत देणारा नेहमी कानांनीच मत देतो असेही नाही. २००७ साली याच स्पर्धेत दार्जिलिंगचे प्रशांत तमांग विजयी झाले, तेव्हा त्या डोंगराळ प्रदेशातील लोकांनी त्यांच्यासाठी मोठी मोहीम उघडली होती. आपल्या माणसाविषयी प्रेम वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा गातो कसा, हे विसरून हा कोठला एवढेच पाहू लागल्यास गाण्याची परीक्षा मागे पडते आणि गावाचा अभिमान तेवढा पुढे येतो.

काट्यावरचा क्रम कसा बदलतो, तेही पाहण्यासारखे आहे. २००५ च्या स्पर्धेत राहुल वैद्य यांना तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले होते. २००८ साली निरनिराळ्या स्पर्धांतील गायकांची ‘जो जीता वही सुपरस्टार’ ही स्पर्धा झाली. तीत राहुल वैद्य पहिले आले आणि अभिजीत सावंत दुसरे! असे मंच दरवर्षी नवा विजेता मागतात आणि लोकांची दृष्टी त्याच्याकडे वळते. काल डोक्यावर घेतलेल्या गायकाला आज विसरणे, हा श्रोत्यांचाही दोष नव्हे काय? अभिजीत सावंत यांनी मात्र पहिल्या यशानंतर गाणे सोडले नाही. २००७ साली त्यांचा ‘जुनून’ हा दुसरा संग्रह आला. लोकांची दृष्टी अन्यत्र वळल्यावरही आपले काम करीत राहणे, हे विजयाहून अवघड असते.

लहानपणीच नाव मिळाले आणि तरीही ज्यांनी साधना सोडली नाही, असा एक कलावंत कोल्हापूरच्या मातीतच होऊन गेला. केशवराव भोसले यांचा जन्म १८९० चा. ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांना बालवयातच कीर्ती मिळाली. तेवढ्यावर संतुष्ट न राहता १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली. १९२१ मध्ये बालगंधर्वांसह त्यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग अविस्मरणीय ठरला. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते निवर्तले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या नाट्यगृहाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीने त्या वास्तूची मोठी हानी केली; केशवरावांचे नाव मात्र तिला पुसता आले नाही. उतारा म्हणतात तो हाच!

आज अनेक पालक मुलांना घेऊन स्पर्धांच्या निवडफेऱ्यांना जातात. हजारोंतून एकाची निवड होते आणि बाकीची मुले हिरमुसली होऊन परततात. कित्येकदा पराभवाने खचून त्यांचे गाणेच सुटते. म्हणजे जे जपावयाचे, तेच हातचे जाते. आडसाली ऊस शेतात सुमारे दीड वर्ष उभा असतो. चार महिन्यांचे पीक चांगले दिसते म्हणून शहाणा शेतकरी त्याला कोयता लावीत नाही. मग कोवळ्या गळ्याविषयीच एवढी घाई का असावी?

म्हणून गाणाऱ्या मुलाने स्पर्धेत अवश्य उतरावे. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे उठून रियाजाला बसावे. जिंकला असेल तर अधिक निष्ठेने बसावे, हरला असेल तर अधिक धीराने. ऐकणाऱ्यानेही मत देण्यापूर्वी कान द्यावा आणि एकदा आवडलेल्या गायकाला सहजासहजी विसरू नये. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे जुने लोक म्हणत. टाळ्यांच्या गजरात मूर्तीची प्रतिष्ठापना होते. तिला घडवितात ते टाकीचे घावच.