वरच्या बाजूची बोट

29 डिसेंबर 1951. अटलांटिकच्या वादळात ‘फ्लाइंग एंटरप्राइज’ हे अमेरिकी मालवाहू जहाज जवळजवळ कुशीवर झोपले होते. जहाज जेमतेम सात वर्षांचे. पोटात लोखंड, कॉफी आणि असाच मिश्र माल, वर चाळीस खलाशी आणि दहा प्रवासी. जीवरक्षक बोटी जागच्या जागी होत्या, पण जहाज इतके कलले होते की त्या उतरवता येईनात. शेवटी एकेका प्रवाशाने एकेका खलाशाच्या सोबतीने समुद्रात उडी घेतली आणि मदतीला आलेल्या जहाजांच्या बोटींनी त्यांना वर ओढले. एक प्रवासी दगावला. कॅप्टन कर्ट कार्लसन मागे राहिला. 10 जानेवारीला जहाज बुडाले.

जुन्या मालवाहू जहाजावर डावीकडच्या बोटींत सगळ्यांना जागा आणि उजवीकडच्या बोटींतही सगळ्यांना जागा, हा हिशेब वरवर उधळपट्टीचा वाटतो. तो मुळात एक बाजू बाद धरूनच मांडलेला आहे. जहाज कलले की उंचावलेल्या बाजूची बोट उतरताना कवचावर घासत, रिव्हेटांना अडकत येते. म्हणून तर जुन्या बोटींच्या आतल्या अंगाला घसरपट्ट्या बसवत. खालच्या बाजूची बोट उलट जहाजापासून दूर लोंबकळते आणि चढणाऱ्याच्या पायाखाली नुसते पाणी.

ग्रॅव्हिटी डेव्हिटची, म्हणजे बोट रुळांवरून बाहेर घसरवत खाली सोडणाऱ्या टांगणीची, करामत मात्र आजही दाद घेऊन जाते. बांधण्या सोडा, ब्रेकचा दांडा उचला, बोट स्वतःच्या वजनाने बाहेर येऊन खाली जाते. विजेची गरज लागते ती बोट परत वर घेताना. पूर्वी ही व्यवस्था 15 अंशांच्या कलापर्यंत चालावी अशी अट होती, पुढे ती 20 अंश झाली. पण हे अंश चालत्या रुळांचे. ज्या डेव्हिटच्या ग्रीसच्या तोंडावर रंगाचे चार थर चढलेत, तिला सरळ उभ्या जहाजावरही ढकलावे लागते.

1 जुलै 1986 नंतर बांधायला घेतलेल्या मालवाहू जहाजांना बंदिस्त बोटी सक्तीच्या झाल्या. जुन्यांना उघड्या बोटींची मुभा राहिली. ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज 1975 चे. 1 ऑक्टोबर 2015 ला बहामाजवळ होआकिन चक्रीवादळात ते 33 जणांसह बुडाले, कोणीही वाचले नाही. उघड्या बोटी उतरवता आल्या असत्या तरी त्यांनी पुरेसे संरक्षण दिले नसते, असा अमेरिकी तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. जवळजवळ तीस वर्षे चाललेली ही मुभा कोणाच्या सोयीची होती, हे खलाशांना विचारायला नको.

नव्या जहाजांनी बोट मागच्या टोकाला नेऊन थेट पाण्यात सोडायची सोय केली आणि डाव्या-उजव्याचा प्रश्न बराचसा मिटवला. जुन्या जनरल कार्गो जहाजांवर तो आहे तिथेच आहे, आणि ड्रिलमध्ये तो दिसत नाही. ड्रिल होते बंदरात, जहाज धक्क्याला सरळ उभे असताना. दर तीन महिन्यांनी प्रत्येक बोट पाण्यात उतरवून चालवायची हा नियम. पण धक्क्याकडची बोट उतरवायला खाली पाणीच नसते. जहाज दर फेरीला त्याच धक्क्याला त्याच बाजूने लागत असेल, तर एकच बोट पुन्हापुन्हा भिजते आणि दुसरीचे हुक वर्षभर कोरडे राहतात. सर्वेक्षकाने लॉगबुक उघडल्यावर नुसती ‘बोट उतरवली’ ही नोंद वाचून पान उलटू नये. कोणत्या बाजूची, हे विचारावे.