‘फुल्ली रिस्टोअर्ड’ विंटेज गाडी ऑनलाइन घेताय? रंगाचे नाही, कागदाचे आणि पत्र्याचे पैसे मोजा

समजा, शिर्डीत बसून तुम्ही मोबाईल स्क्रोल करताय आणि अशी जाहिरात समोर आली: “१९६८ ची प्रीमियर पद्मिनी, विंटेज, फुल्ली रिस्टोअर्ड, एमएच १७ ओरिजिनल नंबर, पेपर क्लिअर.” फोटोत गाडी आरशासारखी चमकतेय. किंमत जरा जास्त वाटते, पण “अशी गाडी परत मिळणार नाही” असं विक्रेता म्हणतोय.

आता फोटो बाजूला ठेवा आणि फक्त मजकूर वाचा. त्यात दोन गोष्टी जुळत नाहीत.

पहिली गोष्ट नावाची. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये आलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून हीच गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघत होती आणि मधे काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती. म्हणजे १९६८ ची गाडी ‘पद्मिनी’ असूच शकत नाही. दुसरी गोष्ट नंबरची. ‘एमएच’ आणि पुढे आकडा ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ पासून सुरू झाली. एमएच १७ हा श्रीरामपूर आरटीओचा, म्हणजे शिर्डी-राहाता-कोपरगाव भागाचा कोड. १९६८ च्या गाडीचा तो मूळ नंबर कसा असेल? तिचा मूळ नंबर तीन इंग्रजी अक्षरांचा जुना नंबरच असणार.

याचा अर्थ विक्रेता लबाडच आहे असा नाही. गाडीची नंतर पुन्हा नोंदणी झाली असेल किंवा त्याला स्वतःलाच माहिती नसेल. पण जाहिरातीतलं वर्ष, नाव आणि नंबर एकमेकांशी जुळतात का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

‘विंटेज’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द जाहिरातीत कोणीही लिहू शकतो. प्रत्यक्षात त्याच्या किमान तीन व्याख्या आहेत:

- केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. गाडी व्यावसायिक वापरातली नसावी आणि तिच्या चेसिसमध्ये, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा.
- विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने प्रमाणित केलेली गाडीच विंटेज धरली आहे.
- ‘फिवा’ ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ३० वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणते.

त्यामुळे १९८५ ची पद्मिनी जुनी आहे, देखणी आहे, पण आपल्या कायद्यानुसार आज ती विंटेज नाही. त्या एका शब्दासाठी विक्रेता जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

२०२१ च्या नियमातली ‘मोठा बदल नसावा’ ही अट नीट लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं, जितकं जास्त काम केलं तितकी गाडी भारी. नियम याच्या उलट बाजूने बघतो आणि जाणकार खरेदीदारही तसंच बघतात. मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं, पत्रा कापून छत बदललं, तर गाडी कदाचित जास्त पळेल, पण ‘विंटेज’ म्हणून असलेली तिची किंमत खाली येते. रिस्टोअर करणं म्हणजे मूळ रूपात परत आणणं. नवीन काहीतरी बनवलं तर ते मॉडिफिकेशन झालं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल कलम ५२ नुसार चालणार नाहीत. म्हणून इंजिन बदललं असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद आहे का, हे आधी विचारा.

फोनवर काय कळतं, काय कळत नाही?

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲप किंवा परिवहनच्या वेबसाइटवर टाका. नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा, गाडीवर कर्ज आहे का, अशी माहिती दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण अक्षरं विक्रेत्याच्या नावाशी जुळतात का ते बघता येतं. ई-चलन वेगळं तपासा.

एक अडचण इथे येते. बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद अजून कॉम्प्युटरवर चढलेलीच नाही. ॲपवर ‘नो रेकॉर्ड’ आलं म्हणजे गाडी चोरीचीच आहे असं नाही. पण अशा वेळी आधी मूळ आरटीओत ती जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणं अवघड. हे काम विक्रेत्याने करून द्यायचं, व्यवहाराच्या आधी. “आमचा एजंट नंतर करून देईल” हे उत्तर चालणार नाही.

गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि नाव बदलायला फॉर्म २९ व ३०. दिल्लीकडच्या स्वस्त जुन्या गाड्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे अशा गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. त्यात एनओसी मिळाली आहे की ‘मिळेल’ आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

व्हिडिओ कॉलवर काय बघायचं?

फोटोत सगळ्यात चांगला दिसतो तो रंग, आणि रंगाखाली काय आहे ते फोटोत कधीच दिसत नाही. फियाट, पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. त्यांची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. त्यामुळे फ्लोअरचा पत्रा किंवा दाराखालची पट्टी गंजली असेल तर ते नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. हा गंज पुट्टी भरून आणि वर रंग मारून झाकता येतो.

म्हणून कॉलवर हे करून घ्या:

1. कॉल न तोडता, एकाच सलग शूटमध्ये नंबर प्लेट, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी दाखवायला सांगा. आकडे पुन्हा पंच केल्यासारखे वाकडेतिकडे दिसतात का बघा.
2. साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खाली, चाकाच्या वरच्या कमानीवर आणि डिकीत लावायला सांगा. चिकटलं नाही तर तिथे पुट्टी जाड आहे.
3. मॅट उचलून फ्लोअर दाखवायला सांगा. “ते चिकटवलंय” म्हणाला तर समजून घ्या.
4. गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
5. काम सुरू असतानाचे फोटो आणि बिलं मागा. खरंच रिस्टोअर केलेल्या गाडीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मालकाकडे हमखास असतात.

जीपच्या बाबतीत पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तिची चेसिस आणि बॉडी वेगळी असल्याने वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जोडून, एखाद्या जुन्या आरसीवर ‘१९५० ची विलीज’ उभी करता येते.

२०२५ ने हिशोब कसा बदलला?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या खासगी गाड्यांचं नोंदणी नूतनीकरण महाग केलं. मोटरसायकलला २,००० रुपये, कारला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विंटेज म्हणून नवीन नोंदणी करायची तर २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणीत मात्र ‘व्हीए’ अक्षरं असलेला नंबर मिळतो.

दुसरा बदल पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. आपल्या भागाला यात नवल नाही, कारण हा प्रवरेच्या आणि गोदावरीच्या उसाचा पट्टा आणि इथेनॉल उसापासूनही बनतं. पण ५० वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरमधले भाग या इंधनासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंजाचा धोका वाढतो. म्हणून विचारा: इंधनाचे पाइप आणि गॅस्केट बदललेत का? टाकी आतून साफ केली का? नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

मग किंमत ठरवायची कशी?

अमेरिकेत ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या लिलावाच्या साइटवर गाडी शेवटी कितीला गेली ते सगळ्यांना दिसतं. आपल्याकडच्या जाहिरातींत फक्त मागितलेली किंमत दिसते. म्हणून पाच-सहा जाहिराती महिनाभर सेव्ह करून ठेवा. कोणाची किंमत उतरते, कोणती गाडी पडून राहते, ते बघा. मग खालून हिशोब करा.

समजा विक्रेता ४ लाख मागतोय (हे आकडे फक्त समजण्यासाठी). तशीच चालू गाडी, क्लिअर कागदांसह, साडेतीन लाखांच्या आसपास जाते असं तुम्हाला दिसलं. आता वजा करा: पत्र्याचं काम ६० हजार, टायर २० हजार, गाडी आणायचा खर्च १५ हजार, नोंदणी आणि कर १५ हजार. न दिसलेल्या दोषांसाठी दहा टक्के, म्हणजे ३५ हजार. राहिले २ लाख ५ हजार. बोलणी इथून सुरू करा. विक्रेत्याने रंगावर किती खर्च केला हा त्याचा हिशोब, तो तुम्ही भरून द्यायचा नाही.

धंद्यासाठी घेत असाल तर थांबा

शिर्डीत हॉटेलं आहेत, लग्नं होतात, प्री-वेडिंग शूट होतात. विंटेज गाडी भाड्याने देऊन पैसे वसूल करू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नियमानुसार रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. साध्या पांढऱ्या पाटीची खासगी गाडीही भाड्याने देता येत नाही. म्हणजे ‘भाड्यातून सुटेल’ या गणितावर कर्ज काढलंत तर गणित पहिल्याच दिवशी चुकतं.

पैसे देण्याआधी

“मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतोय” ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडू शकतो. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. टोकनच्या नावाखाली पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

आणि शेवटचं काम फोनवर होत नाही. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला सोबत घ्या, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, चेसिस नंबर स्वतः हाताने उतरवून आरसीशी ताडून घ्या. विक्रेता याला तयार नसेल तर गाडी कितीही आवडली असली तरी पुढची जाहिरात बघा.